सोने आणि ऊन

सोन्याचा पत्रा उन्हात धरला, तर तो पुष्कळसा प्रकाश परत फेकतो. त्याची झळाळी ती हीच. परंतु हेच सोने इतके बारीक केले, की त्याचा एकेक कण मीटरच्या अब्जांशांत मोजावा लागावा, तर ती झळाळी पार लोपते आणि सोने प्रकाश गिळू लागते. असे कण तरंगत असलेले पाणी माणकासारखे तांबडे दिसते. मायकेल फॅरेडे याने १८५७ साली लंडनमध्ये ते तयार केले आणि हा रंग सोन्याचाच आहे असे प्रतिपादन केले. ब्रिटिश म्यूझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे. बाहेरून उजेड पडला की तो हिरवा आणि आतून उजेड आला की तांबडा दिसतो. काचेतल्या सोन्यारुप्याच्या सूक्ष्म कणांची ही करामत होय.

याचे गणित १९०८ साली गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची लहर आली, की कणातले हे इलेक्ट्रॉन एकदमच हेलकावू लागतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला म्हणजे तो थोडक्या श्रमात उंच जातो. तद्वत लय जुळली, की कण आपल्या आकारमानाच्या मानाने कितीतरी अधिक प्रकाश ओढून घेतो. त्या प्रकाशाची लगेच उष्णता होते.

अमेरिकेतील राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उष्णतेवर वाफ केली. सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे पातळ कवच चढवलेले कण त्यांनी पाण्यात मिसळले व भिंगाने ऊन एकवटले. भांडे बर्फात ठेवले असतानाही वाफ निघाली! कणांनी शोषलेल्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांहून अधिक वाफ करण्यात खर्ची पडली. सबंध उपकरणाची कार्यक्षमता मात्र २४ टक्के भरली. २०१३ साली याच तत्त्वावर शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारे यंत्रही त्यांनी दाखवले. जेथे विजेचा भरवसा नाही, तेथील दवाखान्याला अशी वाफ केवढा आधार होईल, हे सांगावयास नको.

पण त्याच प्रयोगांत कार्बनचे कणही वापरले होते, आणि वाफ त्यांनीही केली. मग सोने कशाला? कवचाची जाडी बदलून कोणता रंग शोषावा हे ठरवता येते, हा सोन्याचा गुण काजळीपाशी नाही. परंतु पाणी तापवावयाचे तर सगळेच ऊन हवे असते. तेथे काजळीच परवडते.