फोन तिचा, नियम कुणाचे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



नवऱ्याच्या फोनांनी हैराण झालेल्या बाईला आपण पटकन सांगतो, "ब्लॉक कर त्याला." पण मुलांना कधी भेटवायचं हे त्याच नंबरावरून ठरत असेल तर? ब्लॉक केल्याचं कळून तो थेट दारात आला तर? तिला हवा असतो जरा बारीक नियम. त्याचा फोन रात्री वाजू नये, पण आल्याची नोंद राहावी. बहिणीचा मात्र केव्हाही वाजावा. असा नियम तिला स्वतःला घालता येतो का?

फोनमध्ये 'व्यत्यय नको' अशी सोय असते. बऱ्याच फोनांत तिला एक अपवाद जोडलेला असतो: त्याच माणसानं लगेच पुन्हा फोन केला तर तो वाजू द्यायचा. आयफोनवर ३ मिनिटांत, अँड्रॉइडवर १५ मिनिटांत. गृहीत असं, की दोनदा फोन करणारा अडचणीत असणार. पण रात्रभर फोन करणारा नवरा अडचणीत नसतो, तो तिला अडचणीत आणत असतो! हा अपवाद बंद करता येतो. पण तो आहे, हेच तिला कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट फोन वळवण्याची, म्हणजे कॉल फॉरवर्डिंगची. केंद्राच्या दूरसंचार विभागानं एप्रिल २०२४ पासून \*४०१# लावून फोन वळवण्याची सेवा थांबवायला सांगितली, कारण भामटे लोकांना ते आकडे लावायला सांगून फसवत होते. पण घरातल्या माणसाला भामटेगिरीची गरजच काय? तिचा फोन दोन मिनिटं हातात आला, की सेटिंगमध्ये जाऊन तो तिचे सगळे फोन स्वतःकडे वळवू शकतो. मग तिच्याकडे घंटाही वाजत नाही. म्हणून ते सेटिंग तिच्यासोबत उघडून बघा. मात्र वळवलेला फोन परत घेतला की त्याला संशय येणार. आधी तिच्या सुरक्षिततेचं ठरवा, मग बटण दाबा.

तिसरी गोष्ट पुराव्याची. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ च्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी त्याला फोनवरून संपर्क साधायलाही मनाई करू शकतात. तो आदेश मोडला हे दाखवायला नोंद लागते. तेव्हा नियमानं फोन गप्प करावा, नोंद पुसू नये.

ही सोय घडवणाऱ्यांकडे आपलं मागणं साधं आहे. नियम आपल्या भाषेत, एका वाक्यात लिहिता यावा: कुणाचा फोन, केव्हा, आणि आला तर काय व्हावं. आज रात्री तो नियम काय करील, हे फोननं आधी दाखवावं. अपवाद लपलेले नसावेत. फोन वळवला गेला तर तो जिचा आहे तिला कळावं. आणि घरात एकच फोन चौघांच्या हातात असतो, हे धरून चालावं.

गावी गेल्यावर आपापल्या गटात बसा. प्रत्येकीला विचारा, तुझ्या फोननं कुणाशी कसं वागावं? तिच्याच शब्दांत कागदावर उतरवा. ते कागद घेऊन आपण फोन बनवणाऱ्यांसमोर बसू.