दोष माणसात की रचनेत?



एखादा कारखाना, कार्यालय वा संस्था अपेक्षेप्रमाणे चालेनाशी झाली की पहिले बोट माणसाकडे जाते. अमुक आळशी आहे, तमुक जबाबदारी घेत नाही, पूर्वीसारखी माणसेच राहिली नाहीत, असे निदान होते आणि मग समज, ताकीद, बदली असे उपचार सुरू होतात. क्वचित निदान खरेही असते. परंतु ज्या शास्त्राला आज औद्योगिक वा व्यावसायिक मानसशास्त्र म्हणतात, ते या ठिकाणी एक वेगळा प्रश्न विचारते: दोष माणसात आहे, की त्याच्याभोवती उभारलेल्या रचनेत? या प्रश्नाचे एक अत्यंत बोलके उत्तर स्वतंत्र भारतातच, अहमदाबादच्या एका कापडगिरणीत मिळाले.

१९५०च्या दशकाच्या आरंभी अहमदाबादच्या कॅलिको गिरणीने आपल्या एका विभागात स्वयंचलित माग बसवले. खर्च मोठा होता आणि अपेक्षाही मोठ्या होत्या. अभियंत्यांनी प्रत्येक कामाचा बारकाईने अभ्यास केला, कोणाला किती माग द्यावयाचे याचे गणित मांडले. तरीही उत्पादन वाढेना आणि सदोष कापडाचे प्रमाण घटेना. यंत्र नवे, कामगार अनुभवी, गणित बिनचूक. मग अडले कोठे?

१९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांनी हा विभाग पाहिला. त्या वेळी तेथे २२४ मागांवर २९ कामगार होते आणि त्यांची कामे तब्बल १२ प्रकारची होती. विणकराकडे ठरावीक माग. कांड्या भरणाऱ्याकडे त्याहून अधिक. ताण्याचे तुटलेले धागे सांधणाऱ्याकडे आणखी अधिक. शिवाय जॉबर, तेल घालणारा, झाडणारा, कापड वाहून नेणारा हे वेगळेच. प्रत्येकाच्या मागांची संख्या निराळी असल्याने एका विणकराला आज हा मदतनीस लाभे, तर दुसऱ्याला तो. धागा तुटला की विणकर खोळंबून राही. पण ज्याने तो सांधावयाचा, तो त्याच वेळी दुसऱ्याच्या मागावर गुंतलेला असे. कापडात दोष निघाला तर तो नेमका कोणाचा, हे सांगता येत नसे. कारण ‘हे माग आमचे’ असे एकत्रितपणे म्हणू शकेल असा एकही गट तेथे नव्हता. माणसे २९ होती, पण संघ नव्हता.

राईस यांनी सुचवलेला उपाय साधा होता. कामाचे तुकडे व्यक्तींना वाटण्याऐवजी संपूर्ण काम एका छोट्या गटाकडे सोपवावे. सात जणांचा गट आणि त्याच्याकडे ६४ माग. त्या मागांवरचे विणणे, सांधणे, देखभाल या साऱ्याची जबाबदारी त्या गटाची. विशेष म्हणजे, ही कल्पना समोर येताच कामगार आणि त्यांच्यावरील देखरेखदार यांनी ती उचलून धरली आणि गटात कोण असावे, हे आपसांत ठरवले. कामगारांना बदल नको असतो, या समजुतीला हे परस्पर उत्तर होते.

आरंभीचे दिवस अवघड गेले. नवी घडी बसण्यास वेळ हा लागतोच. परंतु ती बसल्यावर मागांची कार्यक्षमता सरासरी ८० टक्क्यांवरून सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास उतरले. माग तेच, हात तेच. बदलली ती केवळ त्यांच्यातील नात्याची रचना.

या विचाराचे मूळ कोळशाच्या खाणीत होते. याच संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि स्वतः खाणीत काम केलेले केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली इंग्लंडमधील खाणकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी दोघे-चौघे एकत्र येऊन कामाचा पूर्ण फेरा सांभाळत. एकमेकांवर प्राण सोपवून काळोखात उतरणारी ती माणसे. नव्या यांत्रिक पद्धतीने हे छोटे गट मोडले आणि एका पाळीने कोळसा सुटा करावा, दुसरीने उचलावा, अशी विभागणी केली. परिणामी एका पाळीची चूक दुसरीच्या माथी येऊ लागली. दोषारोप आणि गैरहजेरी वाढली. यंत्र आणि मानवी संबंध यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

भारतात ही दृष्टी केवळ परदेशी पाहुण्यांपुरती राहिली नाही. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९४७ साली अहमदाबादमध्ये स्थापन झालेल्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत धागा व यंत्र यांच्याबरोबरच गिरणीतील माणसांच्या परस्परसंबंधांचाही अभ्यास होत असे. कमला चौधरी यांच्यासारख्या विदुषीने त्या कामाचा पाया घातला.

मात्र या कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. १९७० साली एरिक मिलर यांनी त्या गिरणीला पुन्हा भेट दिली. एका ठिकाणी गटपद्धती जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती. अन्यत्र मात्र ती हळूहळू विरून जुन्याच वळणावर गेली होती. बाहेरून ताण वाढला की वरिष्ठ अधीर होतात, गटाच्या कामात हात घालू लागतात, आज येथील माणूस उचलून उद्या तेथे बसवतात. तसे झाले की गट नावापुरता उरतो. विश्वास एकदा टाकून भागत नाही. तो रोज जपावा लागतो.

नेतृत्वाचे मर्म येथेच आहे. प्रत्येकाच्या हालचालीवर नजर ठेवणे म्हणजे नेतृत्व नव्हे. काम असे वाटावे की त्याचा आरंभ व शेवट करणाऱ्याला दिसेल; गट एवढाच असावा की त्यातील प्रत्येक जण दुसऱ्याला ओळखेल; आणि बाहेरचा गोंधळ गटापर्यंत पोहोचण्यापूर्वी स्वतः झेलावा. नेत्याची ही तीन कर्तव्ये आहेत. पतपेढी असो, शाळा असो, उत्सवाची समिती असो वा चार माणसांचे घर, नियम हाच.

म्हणून पुढच्या वेळी एखादे काम बिघडले, तर ‘हे कोणी केले?’ असे विचारण्यापूर्वी ‘हे काम पूर्णपणे कोणाचे होते?’ एवढे विचारून पाहावे. या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर दोष शोधण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. तो काम वाटून देणाऱ्याच्या मेजावरच सापडेल.