डिग्री विचारता, तसा धंदाही विचारा

आपल्या सुलतानपूर गावातून शेगावला, चिखलीला किंवा थेट पुण्याला शिकायला गेलेली बरीच मुलं आज अनुभवी प्रोग्रामर आहेत. सणाला गावी आली की पहिला प्रश्न ठरलेला: पॅकेज किती? एकाच वर्षी पास झालेल्या दोघांच्या पगारात दुपटीचा फरक निघाला, की लोक त्याचं कारण डिग्रीत शोधतात. मला ते कंपनीच्या धंद्यात दिसतं.

पहिल्या नोकरीला डिग्री लागते, हे खरंच. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं. अशा कॉलेजांत कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बी.ई. बघतात, टक्केही बघतात. बीएस्सी, बीसीएवाल्यांना बहुतेकदा वेगळी भरती आणि कमी पगार. विप्रोने अशा मुलांसाठी नोकरी करता करता एम.टेक. करायची सोय केली, ती मोलाची आहे.

पण दहा वर्षांनंतरच्या मुलाखतीत कॉलेजचं नाव क्वचित निघतं. कोणती सिस्टिम उभी केली, मध्यरात्री बंद पडली तेव्हा कशी सावरली, हे विचारतात. आणि पगाराचा आकडा ठरतो तो कंपनी पैसा कसा कमावते त्यावर.

आपल्याकडे ट्रॅक्टरवाला तासावर नांगरट करतो. सोयाबीनला भाव चढला म्हणून त्याचा दर चढत नाही. सर्व्हिस कंपनीचं बरंचसं काम असंच चालतं. परदेशी ग्राहक माणसामागे, तासामागे पैसे देतो आणि पगार हाच कंपनीचा सर्वांत मोठा खर्च. त्यामुळे इन्क्रिमेंटला तिथे हात आखडतो. प्रॉडक्ट कंपनी एकदा लिहिलेलं सॉफ्टवेअर हजारो ग्राहकांना विकते, म्हणून चांगल्या माणसाला जास्त देणं तिला परवडतं. बँकेचं तिसरंच. बार्कलेज, डॉइशे बँक यांची तंत्रज्ञान केंद्रं पुण्यात आहेत. तिथे व्यवहार तासभर थांबले तर नुकसान मोठं, म्हणून ते थांबू न देणाऱ्याला मान आणि दाम दोन्ही मिळतात. नव्या स्टार्टअपमध्ये आकडा मोठा दिसतो, पण त्यातले शेअर किती आणि दरमहा हातात किती, ते वेगळं करून बघायलाच हवं.

म्हणून सर्व्हिस कंपनीत असतानाच ग्राहकाचा धंदा शिकून घ्यावा. व्याज कसं मोजतात, विम्याचा क्लेम कसा मंजूर होतो, हे ज्याला कळतं त्याला पुढे स्विच करणं सोपं जातं.

डिग्री अनुभवी माणसालाही अडवते अशा जागा मात्र आहेत. एनआयसीसारख्या सरकारी संस्थेच्या भरतीत ठरावीक पात्रता लागतेच. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचं शिक्षण लागतं. कमी पडणाऱ्या शिक्षणाच्या एका वर्षाला कामाची तीन वर्षं धरतात. म्हणजे तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्याला तिथेही अनुभव कामी येऊ शकतो. तिथल्या मास्टर्सवाल्यांना मात्र दरवर्षी २०,००० व्हिसा वेगळे राखलेले आहेत.

अमेरिका किंवा सरकारी जागा मनात असेल, तर शिक्षणावर खर्च जरूर करा. पुण्यात राहूनच पगार वाढवायचा असेल, तर पस्तिशीतल्या मुलाच्या दुसऱ्या डिग्रीसाठी शेत गहाण टाकू नका. पुढची नोकरी कोणत्या धंद्यातली घेतोस, ते त्याला विचारा.