बारा टक्के, पण कशावर?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय ‘गणिताच्या पदवीनंतर वित्तक्षेत्रात प्रवेश’ असा छापलाय. तो मी टाळणार नाही. पण तीस वर्षं याच क्षेत्रात काढल्यावर माझं एक ठाम मत झालंय, आणि आज ते तुमच्या पदरात घातल्याशिवाय मी या व्यासपीठावरून उतरणार नाही. या क्षेत्रात गणितवाल्याची खरी पुंजी म्हणजे एक प्रश्न. तो प्रश्न असा: ‘कशावर?’

वित्तक्षेत्रात गणित कसं शिरलं, हे तुम्ही वाचलेलं आहे. 1900 साली पॅरिसमध्ये बाशेलिएचा शेअर बाजारातल्या भावांच्या गणितावरचा प्रबंध, 1973 साली ऑप्शनची किंमत काढणारं ब्लॅक-शोल्सचं सूत्र. त्यात आज शिरत नाही. माझी गोष्ट फळ्यावर मावते. फळा जरा पुढे घ्या.

1994 साली एम.एस्सी. करून मी मुंबईत फोर्टमधल्या एका कंपनीत लागलो. कंपनी दुचाकीसाठी कर्ज द्यायची. पहिल्या महिन्यात मला खिडकीवर बसवलं. एक दूधवाले मामा आले. स्कूटरसाठी चोवीस हजार हवे होते. मी छापील कार्ड पुढे केलं. दर बारा टक्के, मुदत बारा महिने. व्याज 2,880, एकूण 26,880, महिन्याचा हप्ता 2,240.

मामांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “साहेब, बारा कशावर?”

मी म्हणालो, “चोवीस हजारांवर, मामा.”

ते म्हणाले, “अकरावा हप्ता भरायला येईन, तेव्हा माझ्याकडं तुमचे चार हजार उरलेले असणार. मग त्या महिन्याचं व्याज चोवीस हजारांवर कसं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डोक्यात लेबेग समाकलन होतं, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. रात्री खोलीवर कागद घेऊन बसलो. तुम्हीही करा. दरमहा दोन हजार मुद्दल फिटतं असं ठोकळमानानं धरा. पहिल्या महिन्यात मामांकडे चोवीस हजार, दुसऱ्यात बावीस, शेवटच्या महिन्यात दोन. सरासरी तेरा हजार. म्हणजे वर्षभर तेरा हजार वापरायचे आणि व्याज 2,880 भरायचं. भागा बघू. (सभागृहातून आवाज: “बावीस!”) बरोबर, बावीसच्या थोडं वर. समीकरण मांडून काटेकोर काढलं तर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतं. कार्डावर बारा, खिशातून साडेएकवीस. कार्डावरचा एकही आकडा खोटा नव्हता. फक्त ‘कशावर?’ ते छापलेलं नव्हतं.

हा प्रश्न पुढे देशाच्या पातळीवरही विचारला गेला. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या नव्या कर्जांना रिझर्व्ह बँकेनं नियम लावला, की कर्जाचा खरा वार्षिक दर एका कागदावर स्पष्ट लिहून ग्राहकाच्या हाती द्यायचा. मामांचा प्रश्न नियमात आला, याचा मला मनापासून आनंद झाला. (टाळ्या)

हाच प्रश्न इतिहासात नेऊन बघा. धूमकेतूवाल्या हॅलेनं 1693 साली ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचं कोष्टक मांडलं. विमा या प्रश्नानंच शास्त्र झाला: हप्ता कशावर ठरवायचा? आणि आपल्याकडे? विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना जादा हप्ता घेत. कशावर? हिंदी माणसाच्या आयुष्याचा भरवसा नाही, या समजुतीवर! 1870-71 च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिनं हिंदी माणसाला नेहमीच्याच दरानं विमा दिला. मला ही घटना स्वातंत्र्याच्या इतिहासात वाचायला आवडेल.

आणि जिथं हा प्रश्न मागे पडला, तिथलं पाहा. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नावाचा अमेरिकी गुंतवणूक फंड. अर्थतज्ज्ञ मर्टन आणि त्या सूत्रातले शोल्स यांना 1997 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते दोघेही या फंडात भागीदार. दुसऱ्याच वर्षी रशियानं कर्ज बुडवलं आणि फंड कोसळला. सावरायला 14 बँकांना मिळून सुमारे 360 कोटी डॉलर घालावे लागले. सूत्रं बरोबर होती. पण ती उभी होती शांत काळातल्या आकड्यांवर.

एक चिठ्ठी आलीय, हस्ताक्षरावरून प्राध्यापकांची दिसते. (हशा) ‘म्हणजे आम्ही शुद्ध गणित शिकवतो ते वाया?’ नाही, सर! मी अगदी उलट म्हणतोय. सांतत्य आणि एकसमान सांतत्य यांत फरक काय? डेल्टा कशावर अवलंबून आहे, फक्त एप्सिलॉनवर की बिंदूवरसुद्धा, एवढाच. ‘कशावर?’ विचारायची सवय तुमच्याच वर्गात लागते. ती वर्गाबाहेर न्या, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढच्या रांगेत सी.ए. मंडळी बसलीत, त्यांनीही काळजी करू नये. जमाखर्च तुमच्याकडूनच शिकावा लागतो. (हशा)

संयोजक पाच बोटं दाखवताहेत. मग मुलांनो, या क्षेत्रात शिरायच्या वाटा भराभर लिहून घ्या.

एक, अ‍ॅक्चुअरी, म्हणजे विम्याच्या जोखमीचं गणित मांडणारा. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा बारावीनंतरही देता येते. पुढच्या पेपरांत संख्याशास्त्र, व्याजाचं गणित, आणि ‘आर’ व एक्सेलवर प्रत्यक्ष काम असतं. वर्षं लागतात, पण नोकरी करता करता पेपर सुटतात. दोन, बँकांचे जोखीम विभाग. मुंबई, पुणे, बेंगळुरूमधल्या परदेशी बँकांच्या कार्यालयांत मॉडेल तपासणीचं काम असतं. दुसऱ्यानं बांधलेल्या मॉडेलला ‘कशावर?’ विचारायचं, हीच ती नोकरी. संभाव्यता, संख्याशास्त्र आणि पायथॉन पक्कं हवं. तीन, शेअर बाजाराशी संबंधित कामं. पाताळगंगेच्या एनआयएसएम या संस्थेच्या परीक्षा त्यासाठी उपयोगी पडतात.

आणि एक ताकीद. गणित येतं म्हणून फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये घरचे पैसे घालू नका. सेबीनं 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचे आकडे काढले. अशा व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून अधिक. कट्ट्यावर कमावलेले बोलतात, बुडालेले घरी गप्प बसतात. म्हणून कुणी ‘खात्रीचा नफा’ म्हणाला, की विचारा, खात्री कशावर?

घंटा झाली. शेवटचं सांगतो. घरी गेलात की कर्जाचा एखादा कागद काढा. वडिलांच्या ट्रॅक्टरचा असेल, आईच्या बचत गटाचा असेल. त्याचा खरा दर स्वतः काढा आणि एका पानावर स्वच्छ मांडा. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर ते पान न्या. ते काय आहे असं विचारलंच, तर सांगा: हे माझ्या घरचं कर्ज आहे, आणि त्याचा दर मी स्वतः काढलाय.