शब्दाचे मूळ आणि शब्दाचे मोल



संवत्सरीच्या दिवशी आबालवृद्धांच्या मुखी 'मिच्छा मि दुक्कडं' असते. त्याचा अर्थ विचारला, तर बहुतेकांकडून 'क्षमा करा' एवढेच उत्तर येते. वस्तुतः या तीन प्राकृत शब्दांत क्षमेचा शब्दच नाही. 'मिच्छा' म्हणजे मिथ्या, 'मि' म्हणजे माझे, 'दुक्कडं' म्हणजे दुष्कृत. माझे दुष्कृत मिथ्या होवो, निष्फळ ठरो, असा त्याचा आशय. क्षमायाचनेसाठी प्राकृतात 'खामेमि' हा निराळा शब्द आहे. म्हणजे 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या कृतीकडे पाहायचे असते. हे ठाऊक नसले, की वर्षभर अबोला धरलेल्या सख्ख्या भावाला वगळून शंभर जणांना छापील पत्रिका धाडल्या तरी कर्तव्य पार पडले असे वाटते!

अर्थात नुसते मूळ कळूनही भागत नाही. वापर पाहावा लागतो. संस्कृत 'कर्पट' म्हणजे जीर्ण वस्त्र, चिंधी. त्याचे प्राकृतात 'कप्पड' झाले आणि मराठीत 'कापड'. आज कोणताही दुकानदार कापड म्हणून चिंधी मोजून देत नाही. शिवाय मापून देतात ते कापड आणि शिवून अंगात घालतात ते कपडे, हा भेद व्युत्पत्ती सांगत नाही, बोलणारी माणसेच सांगतात.

बाजारातील आणखी एक शब्द 'आर्ट सिल्क'. पुष्कळांना त्यात कला दिसते. प्रत्यक्षात तो 'आर्टिफिशियल सिल्क'चा संक्षेप, म्हणजे कृत्रिम रेशीम. सेंच्युरी रेयॉनमुळे शहाडमध्ये घरोघरी पोचलेला 'रेयॉन' हा शब्द याच धाग्यासाठी १९२४ साली अमेरिकेत रूढ झाला. हा धागा लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्यासाठी कोसल्यातील जीव मारावा लागत नाही. अहिंसेच्या विचाराने रेशीम वर्ज्य करणाऱ्या श्राविकेला या एका शब्दाच्या अर्थाने केवढा उलगडा होतो!

पाठशाळेतील मुलांनी रोज दहा शब्द घोकण्यापेक्षा एकच घ्यावा. वहीत त्याचा अर्थ लिहावा, मूळ शोधावे आणि स्वतःचे एक वाक्य रचावे. वाक्य जमले नाही, तर शब्द अजून आपला झालेला नाही असे समजावे. मुळासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' हाताशी असावा. घरातील वडीलधाऱ्यांनीही सोबत बसावे. वयाची सबब चालणार नाही. आचार्य राजेंद्रसूरींनी 'अभिधान राजेंद्र' हा प्राकृत शब्दांचा सात खंडांचा कोश रचावयास घेतला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.