गल्ल्यातलं नाणं, डबीतलं नाणं

बीदर-नांदेडपासून मुंबई-हैदराबादपर्यंतच्या गावांहून आलेले नाणेसंग्राहक, आणि नुसत्या कुतूहलापोटी येऊन बसलेल्या माझ्या उदगीरकर बंधू-भगिनींनो,

स्वागताध्यक्ष हा बहुतेक वेळा जेवणाखाण्याची सोय बघणारा माणूस असतो, तो विषयातला जाणकार असलाच पाहिजे असं नाही. मी मोंढ्यातला अडतदार. तूर-सोयाबीनचे भाव काढण्यात जन्म गेला. पण भाव कशानं चढतो आणि कोण चढवतं, एवढं थोडंफार कळतं. कार्यक्रमपत्रिका पाहिली तर या दोन दिवसांत भावाचीच चर्चा जास्त होणार असं दिसतं. म्हणून जरा धीटपणानं बोलतो.

उदगीर हे गाव पाहुण्यांना माहीत आहे ते १७६० च्या लढाईमुळं. सदाशिवरावभाऊंनी इथं निजामाला नमवलं आणि पुढच्या वर्षी ते पानिपतावर पडले. अलीकडं, एप्रिल २०२२ मध्ये, ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथंच भरलं. पण नाणेवाल्यांना उदगीर आवडावं याचं कारण निराळंच आहे. आमच्या आज्या-पणज्यांच्या खिशात दोन जातींचे रुपये असत. उदगीर तेव्हा हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होतं. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. सहा कलदारला साधारण सात हाली, असा हिशेब. सौदा ठरताना पहिला प्रश्न असायचा, 'हाली की कलदार?' त्या हाली रुपयावर चारमिनार आहे, आणि निजाम उस्मान अली खानांच्या नाण्यांवर त्याच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या देवघरात तो रुपया लक्ष्मीपूजनापुरता बाहेर येतो.

ती झाली जुनी गोष्ट. आजचा विषय स्मारक नाण्यांचा. स्वतंत्र भारतात ही परंपरा १९६४ साली नेहरूंच्या निधनानंतर सुरू झाली. त्यांच्या मुद्रेचा एक रुपया आणि पन्नास पैसे निघाले. मग १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दी आली. तेव्हाचे पिवळे वीस पैसे आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी जपून ठेवले. पुढं आमच्या गल्ल्यात संतसुद्धा आले. १९९९ मध्ये ज्ञानेश्वर महाराज एक रुपयावर आणि छत्रपती शिवाजी महाराज दोन रुपयांवर, २००२ मध्ये तुकोबा दोन रुपयांवर, २००७ च्या पाच रुपयांवर लोकमान्य. गिऱ्हाईक मोड मागायचं आणि आम्ही न बघता तुकोबा देऊन टाकायचो.

आता काळ बदलला. नव्या स्मारक नाण्यांपैकी पुष्कळशी बाजारात फिरतच नाहीत. टाकसाळीकडं आगाऊ नोंदणी करायची, पैसे भरायचे, आणि नाणं मखमली डबीतून घरी येतं. २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं असंच, आणि २०२५ मध्ये अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीला निघालेलं ३०० रुपयांचंही. ७५ रुपयांचं नाणं देऊन मेथीची जुडी घेताना मी अजून कुणाला पाहिलं नाही.

भाव वाढले, हे खरं. पण कशाचे? १९६९ चे गांधींचे चांदीचे दहा रुपये घ्या. वजन १५ ग्रॅम, ८० टंच, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. चांदी किलोला लाख धरली तरी धातूचेच बाराशे रुपये झाले, आणि चांदी आता लाखावर थांबलेली नाही. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपये निघाले, तेव्हा नाणं साडेबावीस ग्रॅमचं झालं, पण चांदी आली निम्म्यावर, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. आकार वाढवून माल कमी देणं फक्त आम्हा व्यापाऱ्यांनाच जमतं, अशी माझी समजूत होती! संसद भवनाचं नाणं ३५ ग्रॅमचं, त्यात चांदी अर्धी, बाकी तांबं, निकेल आणि जस्त.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की नाण्याचा भाव सांगताना त्यातून आधी चांदीचा भाव वजा करा. उरेल तो शौकाचा भाव. काही नाण्यांना तो भरघोस आहे. किती नाणी पाडली, ती कोणत्या टाकसाळीची, संग्राहकांसाठी खास पाडलेलं 'प्रूफ' आहे का, मूळ डबी-कागद जागेवर आहेत का, यावर तो ठरतो. हिऱ्याची खूण मुंबईची, ताऱ्याची हैदराबादची, टिंब नोएडाचं, आणि खूणच नसेल तर कोलकाता. पण जी नाणी कोट्यवधींनी पाडली गेली, त्यांचा शौकाचा भाव जवळपास शून्य, मग वर कुणाचंही चित्र असो.

हे मी कळकळीनं सांगतो, कारण दर हंगामात एखादा शेतकरी मालाची पट्टी घ्यायला येतो आणि खिशातून रुमालाची गाठ सोडतो. आत २०१२ चं वैष्णोदेवीचं दहाचं नाणं. 'शेठ, हे लाखाला जातंय म्हणे. कितीला घालायचं?' मी म्हणतो, 'मामा, दहाला.' तो माझ्याकडं संशयानं बघतो; शेठ आपल्याला लुटायला बसलाय, असं त्याला वाटतं. मोबाइलवर लाखाचं आमिष दाखवणारा त्याला जास्त विश्वासाचा वाटतो, आणि तोच पुढं नोंदणी फी, कर, कमिशन म्हणून त्याच्याकडून पैसे काढतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात ती नाही आणि त्यासाठी कुणाकडून कमिशनही घेत नाही. गंमत बघा, याच दहाच्या नाण्याला आमच्याच बाजारात लोक हात लावत नव्हते. चौदाही नमुने चालतात, हे बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावं लागलं. एकीकडं दहाला घ्यायचं नाही, दुसरीकडं लाखाला विकायचं!

माता-भगिनींना एक विनंती. दिवाळीला नाणी चिंचेनं, राखेनं घासू नका. चकाकी येते आणि किंमत जाते. संग्राहकाला त्यावरचा काळपट थरच हवा असतो.

आपल्या भागात संग्रहाची ओढ नवी नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात निघणाऱ्या जुन्या वस्तू आणि सातवाहनांची नाणी जमवली. आज तिथलं सरकारी संग्रहालय त्यांच्या नावानं उभं आहे. येताना-जाताना जरूर बघा.

आता व्यवस्थेचं सांगतो. मांडणीच्या दालनात प्रवेशाजवळ एक टेबल ठेवलं आहे. उदगीरकरांनी घरातली नाणी तिथं आणावीत. आमचे जाणकार ओळख पटवतील, धातू सांगतील, खरा भाव सांगतील. फी नाही. त्या टेबलावर खरेदी होणार नाही, ही अट मी स्वतः घातली आहे, आणि ती मोडणाऱ्याला दुपारचं जेवण मिळणार नाही. जेवण एक वाजता आहे. संमेलनाध्यक्षांनी आता आपलं भाषण सुरू करावं, अशी त्यांना विनंती करतो.