श्रद्धेची झडती

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२३ मध्ये एक निकाल दिला. याचिका होती सतरा वर्षांच्या एका मुलीची. तिचा महार जातीचा दावा अमरावतीच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीनं फेटाळला होता. चौकशीसाठी दक्षता पथकाचा अधिकारी घरी गेला, तेव्हा त्याला तिथं येशू ख्रिस्ताची तसबीर दिसली आणि हे घर ख्रिस्ती झालं असा निष्कर्ष निघाला. घरच्यांचं म्हणणं साधं होतं : आम्ही बौद्ध आहोत, तसबीर कुणीतरी भेट दिली, म्हणून लावली. न्यायालयानं समितीचा निर्णय रद्द केला. घरात तसबीर आहे एवढ्यावरून माणसानं धर्म बदलला असं कुणीही शहाणा माणूस मानणार नाही, बाप्तिस्मा झाल्याचा तर काही पुरावाच नाही, असं न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं.

निकाल योग्यच होता. पण मला त्या अधिकाऱ्याबद्दल बोलायचं आहे. त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि माणसांच्या मनात काय आहे ते ठरवून टाकलं. ही रीत त्यानं शोधून काढलेली नाही. आपल्या या पश्चिम भारतात ख्रिस्ती माणसाची श्रद्धा अशीच तपासली गेली आहे : कधी स्वयंपाकघरात, कधी कपड्यांत, कधी कपाळावर. तपासणारे बदलत गेले. कधी ते चर्चचे अधिकारी होते, कधी शेजारी, कधी खुद्द धर्मबंधू आणि आता सरकार.

गोव्यापासून सुरुवात करतो. १५६० मध्ये तिथं इन्क्विझिशनची, म्हणजे श्रद्धा तपासणाऱ्या धर्मन्यायालयाची, स्थापना झाली. मध्ये चार वर्षांचा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. त्याच्या क्रौर्याबद्दल आपण पुष्कळ ऐकलेलं असतं. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तो वाचताना मला सर्वांत जास्त हादरवून गेला तो १७३६ चा एक जाहीरनामा. नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी काय करू नये, याची ती यादी आहे. नवरा-नवरीला हळद लावायची नाही. लग्नात ठरावीक गाणी म्हणायची नाहीत. पाहुण्यांना विडे वाटायचे नाहीत. एकादशी धरायची नाही. दारात तुळस लावायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि भात मिठाशिवाय शिजवायचा नाही!

जरा थांबून विचार करा. अळणी भात हा गुन्ह्याचा पुरावा. ज्या बाईच्या सात पिढ्यांनी भात तसाच शिजवला, तिच्या हाताची ती सवय आहे. तिचा देवाशी संबंध काय आहे, हे त्या भातावरून कसं कळणार? पण कळतं, असं मानणारी यंत्रणा तिथं अडीचशे वर्षं उभी होती. आणि चुलीवर काय शिजतं हे धर्मखात्याच्या कचेरीपर्यंत पोचवायला घराच्या आतला किंवा शेजारचा माणूसच लागतो. म्हणजे हा जाहीरनामा शेजाऱ्याला शेजाऱ्यावर पाळत ठेवायला बसवत होता. भाषेचंही तेच झालं. १६८४ च्या हुकमानं गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी असं फर्मावलं. वास्तविक त्याच गोव्यात, राशोलला, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं क्रिस्तपुराण छापलं गेलं होतं, मराठी ओवीत. पुराणाच्या घाटात ख्रिस्ताची कथा सांगता येते, तिची शुद्धता त्यानं बिघडत नाही, हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं. सत्तर वर्षांच्या आत ते ज्ञान सत्तेला नकोसं झालं.

खरं म्हणजे ख्रिस्ती धर्माचा पहिला मोठा वादच या विषयावर झाला होता. ख्रिस्तानंतर वीसेक वर्षांत यहुदी नसलेले लोक या पंथात येऊ लागले, तेव्हा प्रश्न उभा राहिला : त्यांनी सुंता करून घ्यावी की नाही? शरीरावरची ती खूण नसेल, तर यांची निष्ठा खरी कशी मानायची? जेरुसलेममध्ये प्रेषित आणि वडील मंडळी जमली, कडाक्याची चर्चा झाली आणि सुंतेची सक्ती करायची नाही असं ठरलं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात हे सगळं आहे. त्याहीआधी स्वतः येशूनं उपास करणाऱ्याला तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून लोकांत जायला सांगितलं होतं, प्रार्थना दार लावून करायला सांगितली होती. ज्या धर्माच्या संस्थापकानं भक्ती लोकांच्या नजरेपासून लपवायला शिकवलं, त्या धर्माच्या नावानं दारातली तुळस मोजली गेली.

खुणांचा हा वाद दक्षिणेतही झाला. मदुराईला रॉबर्ट डी नोबिली नावाचा इटालियन जेझुइट १६०६ मध्ये पोचला. त्यानं संन्याशाची वस्त्रं घेतली, मांस सोडलं, संस्कृत आणि तमिळ शिकला आणि आपल्या उच्चवर्णीय शिष्यांना जानवं, शेंडी, गंध ठेवू दिलं. त्याच्या सोबत्यांनीच तक्रारी केल्या. प्रकरण गोव्यात गाजलं, रोमला गेलं आणि १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी काही अटींवर या गोष्टींना परवानगी दिली. इथवर कथा फार छान आहे, आणि ती अनेकदा इथंच थांबवली जाते. मी थांबवणार नाही. जानवं राहिलं, तसा जातीचा भेदही राहिला. वरच्या जातींसाठी वेगळे धर्मोपदेशक, खालच्यांसाठी वेगळे, अशी व्यवस्था त्या मिशननं चालवली. पुढे दक्षिणेत चर्चमध्ये बसण्याच्या जागा वेगळ्या, दफनभूमीत भिंती, हे प्रकार दीर्घकाळ चालले. तेव्हा बाहेरच्या खुणांना काहीच अर्थ नसतो, असं म्हणून मला सुटता येणार नाही. गंध लावणं ही सवय असू शकते, पण मृतदेह जातीनुसार वेगवेगळ्या बाजूंना पुरणं ही सवय नव्हे. तिथं दुसऱ्या माणसाचा अपमान आहे. याकोबाच्या पत्रात याचा दाखला आहे : सोन्याची अंगठी घातलेला माणूस प्रार्थनेला आला की त्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवणं, यालाच तिथं पाप म्हटलं आहे. श्रद्धा तपासायचीच असेल, तर मला ही एकच कसोटी मान्य आहे. शेजाऱ्याला तुम्ही कुठं बसवता?

आता पंडिता रमाबाईंकडे येतो, कारण बाह्य खुणांवरून माणसाला जोखण्याचा जाच त्यांच्याइतका दोन्हीकडून कुणी सोसला नसेल.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. या दोघींचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली छापला आहे. तो मिळवून वाचा, अशी माझी विनंती आहे. रमाबाई मांसाहार करत नाहीत, याचं मठाला कोडं पडलेलं. जेराल्डिन यांना त्यात जातीचा अहंकार दिसतो. कुणाच्या बाबतीत हे बोललं जात होतं? ज्या बाईनं १८८० साली, चित्पावन ब्राह्मण शास्त्र्याची मुलगी असून, बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला होता, तिच्या बाबतीत. जात तिनं जगून मोडली होती, आणि ताटात मासा नाही म्हणून तिच्यावर जातीचा आरोप!

दुसरा वाद क्रुसाचा. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं की आपल्या देशात ज्या अक्षरांचा अर्थ कुणाला लागणार नाही ती मी का मिरवू, आणि देवाला लॅटिन चालत असेल तर संस्कृत का चालू नये? यात हट्ट होता, असं मठाला वाटलं. मला त्यात एका नव्या ख्रिस्ती व्यक्तीची अत्यंत गंभीर श्रद्धा दिसते. आपला विश्वास आपल्या माणसांपर्यंत पोचावा, याची ती काळजी होती.

त्या हिंदुस्थानात परतल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन ही त्यांची मुलींसाठीची निवासी शाळा सुरू झाली, पुढच्या वर्षी ती पुण्यात आली. सदनात मुलींना आपापले आचार पाळायची, वेगळी चूल मांडायची मुभा होती. मिशनरी मंडळींना ते खटकलं. ही कसली ख्रिस्ती संस्था, असं ते म्हणत. पुण्यात उलटा आरोप. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून गदारोळ झाला, केसरीनं झोड उठवली आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. उघडं दार हा पुण्याला कटाचा पुरावा वाटला, आणि वेगळी चूल हा मिशनरींना ढिलाईचा. त्या दोन्ही गोष्टींच्या मागे एकच भूमिका होती : मी माझी श्रद्धा लपवणार नाही, आणि ती तुमच्यावर लादणारही नाही. ही भूमिका समजून घ्यायची तर त्या बाईशी बोलावं लागलं असतं. दाराकडे आणि चुलीकडे पाहणं सोपं होतं.

आणि रमाबाई स्वतः काय म्हणतात? १९०७ मधल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिलं आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायला मात्र त्यानंतर कित्येक वर्षं जावी लागली. म्हणजे ज्या काळात मठ आणि पुणं दोघंही त्यांच्या श्रद्धेचा निवाडा देत होते, त्या काळात ती श्रद्धा आतल्या आत अजून घडत होती. जी गोष्ट तिच्या धन्यालाही पुरती कळलेली नसते, तिचं प्रमाणपत्र बाहेरचे देत होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण आपल्या अधिक ओळखीचं. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी नाव बदललं नाही, अभंग सोडले नाहीत, कीर्तन सोडलं नाही. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथं ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी सोवळं सांभाळत होत्या. ते हळूहळू गळून पडलं आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांनी त्यांना घाई केली नाही. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच : नवरा धर्मोपदेशक आणि त्याच घरात बायकोचं सोवळं, आणि तरी कुणी कुणाची झडती घेत नाही.

आज काय चित्र आहे? अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या ख्रिस्ती माणसाला विचारा. आडनाव गायकवाड, साळवे किंवा कांबळे, बोली त्या गावची, नेसणं साडीच. त्याला आयुष्यभर एक वाक्य ऐकावं लागतं : ‘तुम्ही ख्रिस्ती वाटत नाही हो!’ सिनेमातला झगा घातलेला, मोडकी हिंदी बोलणारा ख्रिस्ती लोकांच्या डोळ्यांत बसलेला असतो. मग चर्चमध्ये गेलं की दुसऱ्या बाजूनं प्रश्न येतो : टिकली कशाला लावलीस? मंगळसूत्राला काळे मणी कशाला? वसईला याच्या उलट. तिथं आडनाव डाबरे किंवा लोपीस असलं, तरी घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते आणि त्या माणसाच्या मराठीपणावर शंका घेतली जाते. खूण बदलते, शंका घेणारे तेवढेच राहतात.

आणि एक जुना, फार घातक आरोप : पोटासाठी बाटले. १८७६ च्या आणि १८९६ नंतरच्या दुष्काळांत हजारो माणसं मिशनच्या आश्रयाला आली, हे खरं आहे. त्यांतली काही भाकरीसाठी आली असतील. उपाशी माणसाला ज्यानं खायला घातलं, त्याच्या देवाबद्दल त्याला प्रेम वाटलं, तर ते प्रेम खोटं का मानायचं? सुखवस्तू माणसानं ग्रंथ वाचून केलेलं धर्मांतर तेवढं प्रामाणिक आणि भुकेल्याचं संशयास्पद, या न्यायात भुकेबद्दलचं अज्ञान आहे. ज्याला पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हतं, त्याला प्रार्थनेत इतरांच्या बरोबरीनं बसायला मिळालं, तर ती आध्यात्मिक घटनाच आहे, असं मी मानतो.

आता पुन्हा सरकारकडे वळतो. तसबिरीवरून धर्म ठरवायची वेळ त्या अधिकाऱ्यावर का आली? राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार मुळात हिंदूखेरीज अन्य धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानता येत नव्हतं. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. परिणाम असा की गावात ज्याला जातीवरूनच ओळखतात, त्या माणसाला कागदावर एक आणि रविवारी दुसरं असं जगावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका महिलेचा दावा फेटाळला. तिच्या बाप्तिस्म्याची नोंद होती, ती नियमित चर्चमध्ये जात होती, आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं ही राज्यघटनेची फसवणूक ठरते, असं न्यायालयानं म्हटलं. आजच्या कायद्याच्या चौकटीत त्या निकालाशी मी वाद घालत नाही. वाद आहे तो चौकटीशी. ती माणसाला श्रद्धा लपवायला लावते, आणि लपवली की त्याला खोटा म्हणते. १७३६ सालच्या त्या बाईनंही तुळस परसात नेली असेल. तिला ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये हा तिसरा परिच्छेद काढून टाकावा आणि अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडू नये, अशी शिफारस केली. ही शिफारस स्वीकारली जावी, असं आपल्यापैकी ज्यांना वाटतं त्यांनी ते आपल्या आमदार-खासदारांना लेखी कळवावं. आणि आपल्यातल्या ख्रिस्ती बांधवांना माझं सांगणं आहे : तुमच्या मंडळीत टिकली लावून आलेल्या बाईला पुढच्या बाकावर जागा द्या.